दुखरा गुडघा, बदललेली चाल

ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा बदलण्यात आला. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याच रुग्णालयात उजवाही बदलला. दोन्ही शस्त्रक्रिया न्यू यॉर्कहून आलेल्या डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केल्या. मूळचे मध्य प्रदेशातले राणावत हे जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्याबरोबर १९७४ मध्ये ‘टोटल कॉन्डायलर’ हा कृत्रिम गुडघा वापरात आणणाऱ्यांपैकी एक. आज जगभर बसवल्या जाणाऱ्या कितीतरी सांध्यांचे मूळ त्या मांडणीत आहे. पंतप्रधानांचे गुडघे दुखतात हे लोकांना कळायला वैद्यकीय पत्रकाची गरज पडली नव्हती. त्यांचे चालणे जड झाले आहे, हे दूरचित्रवाणीवर बातम्या पाहणाऱ्या कोणालाही दिसत होते.

घरोघरी असेच होते. आईचे गुडघे दुखतात हे ती तोंडाने सांगते, त्याच्या कितीतरी आधी ते तिच्या चालण्यात उतरलेले असते. बाजारातून परतताना ती मागे राहू लागते. रस्ता ओलांडायच्या आधी येणारी गाडी किती लांब आहे, हे दोनदा पाहते. लग्नाच्या पंगतीत खाली बसायची वेळ आली की “तुम्ही बसा, मी मागून बसते” म्हणते. घरचे हे पाहतात आणि ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. हे पुस्तक तसे सोडून न देणाऱ्यांसाठी आहे. गुडघ्याची झीज माणसाची चाल नेमकी कशी बदलते, शरीर तो बदल का करते, त्याची भरपाई दुसऱ्या कोणत्या अवयवाला करावी लागते आणि चालीत दुरुस्ती करून दुखणे किती आटोक्यात आणता येते, एवढा त्याचा आवाका आहे.

आजाराचा पसारा मात्र मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगभर सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांधे झिजण्याचा आजार होता. त्यांतल्या सुमारे ३६ कोटी ५० लाख लोकांच्या गुडघ्याला तो झालेला होता. एकूण रुग्णांत ६० टक्के स्त्रिया. भारतात चाळिशी ओलांडलेल्यांची जी बहुकेंद्री पाहणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात गुडघ्याच्या झिजेचे प्रमाण २८.७ टक्के निघाले.

महाराष्ट्राने या आजाराच्या अभ्यासाला एक गाव दिले आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाखाली घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांना सांधे, पाठ आणि स्नायूंच्या दुखण्याबद्दल विचारले. सुमारे १८ टक्के लोकांना काही ना काही त्रास होता. रुग्णालयाच्या नोंदवहीतून हा आकडा कधीच मिळाला नसता. गुडघा दुखतो म्हणून कोणी ताप आल्यासारखे दवाखान्यात धावत नाही. मलम चोळले जाते, शेक घेतला जातो, आणि दुखऱ्या पायाला सांभाळून घेत चालणे हळूहळू अंगवळणी पडते.

ते सांभाळून घेणे समजायचे तर आधी निरोगी पाऊल कसे पडते ते पाहावे लागते. एका पायाची टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालीचे एक आवर्तन पुरे होते. त्यातला सुमारे ६० टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. टाच टेकते त्या क्षणी गुडघा जवळजवळ सरळ असतो. लगेच तो १५ ते २० अंशांत वाकून अंगाचा भार झेलतो. हे वाकणे मांडीच्या पुढच्या बाजूचा क्वाड्रिसेप्स हा जाडजूड स्नायू ताब्यात ठेवतो, नाहीतर माणूस गुडघ्यावरच कोसळेल. मग गुडघा पुन्हा सरळ होतो आणि शरीर त्याच्यावरून पुढे सरकते. पाय उचलला की तो सुमारे ६० अंशांपर्यंत वाकतो, म्हणून पायाची बोटे जमिनीला घासत नाहीत. हे सगळे साधारण एका सेकंदात आटोपते.

त्या सेकंदात सांध्यावर भार किती येतो, हे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी थेट सांध्याच्या आत मोजले. काही रुग्णांना त्यांनी भारमापक आणि बिनतारी प्रक्षेपक असलेले कृत्रिम गुडघे बसवले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या नोंदींनुसार सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, जिना चढताना तिपटीहून थोडा जास्त आणि उतरताना जवळजवळ साडेतीनपट. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाचा गुडघा साध्या चालीत प्रत्येक पावलाला दीडशे किलोंच्या आसपास भार झेलतो आणि एक किलोमीटर अंतरात हे साधारण सातशे वेळा घडते. शरीराच्या वजनापेक्षा भार जास्त, कारण सांधा स्थिर ठेवण्यासाठी भोवतालचे स्नायू त्याला दोन्ही बाजूंनी घट्ट आवळून धरत असतात.

हा भार सांध्यावर सारखा वाटला जात नाही. चालताना जमीन पायाला जो उलटा रेटा देते, त्याची दिशा गुडघ्याच्या मध्यापासून थोडी आतल्या बाजूने जाते. त्यामुळे गुडघ्याच्या आतल्या अर्ध्या भागावर, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडच्या बाजूवर, बाहेरच्या भागापेक्षा बराच जास्त दाब पडतो. झीज बहुतेक वेळा तिथेच सुरू होते. तिथली कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत थर, पातळ झाली की पाय गुडघ्यात किंचित बाहेर वाकतो. तो वाकला की रेट्याची दिशा आणखी आत सरकते आणि आधीच दबलेल्या भागावर आणखी भार येतो. अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीचे टायर एकाच कडेने झिजत जाते, तसा हा प्रकार. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या लीना शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की, ज्यांचे पाय असे बाहेर वाकलेले होते त्यांच्या गुडघ्याची आतली बाजू पुढच्या १८ महिन्यांत आणखी झिजण्याची शक्यता सुमारे चौपट होती.

कूर्चेला स्वतःच्या नसा नसतात आणि रक्तवाहिन्याही नसतात. म्हणून ती झिजताना दुखत नाही. कळ येते ती कूर्चेखालच्या हाडातून, सांध्याच्या सुजलेल्या अस्तरातून आणि भोवतालच्या वेष्टनातून. दुखणे जाणवते तोवर झीज बरीच पुढे गेलेली असते, ती यामुळेच. एक्स-रे आणि वेदना यांचा मेळ बसत नाही, त्याचेही हे एक कारण. १९५७ मध्ये केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी एक्स-रेवरून झिजेच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या आणि त्या आजही सर्वत्र वापरात आहेत. पण चौथ्या पायरीवरचा एखादा माणूस रोज शेतावर पायी जातो आणि दुसऱ्या पायरीवरच्या एखाद्याला अंगणापर्यंत जाणे नको होते, हा अनुभव कोणताही अस्थिरोगतज्ज्ञ सांगेल. रोजचे आयुष्य किती अडले आहे हे त्या फिल्मवर उमटत नाही. ते चालीत उमटते, आणि या पुस्तकाचा सगळा भर म्हणूनच चालीवर आहे.

पहिला बदल वेगात होतो. वेग कमी केला की टाच टेकतानाचा दणका सौम्य होतो, म्हणून शरीर आपसूक मंदावते. त्याबरोबर पाऊल आखूड पडू लागते आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ वाढतो, कारण दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहण्याची वेळ टाळायची असते. दुखरा पाय पटकन उचलला जातो, चांगला पाय घाईने पुढे येतो. घरच्यांना दिसते ते हे लंगडणे.

दुसरा बदल गुडघ्याच्या वाकण्यात. टाच टेकल्यावर जे १५ ते २० अंश वाकायला हवे, ते कमी होते आणि माणूस पाय काठीसारखा ताठ ठेवून त्यावरून पुढे जातो. वाकणे टळले की क्वाड्रिसेप्सवर ताण येत नाही आणि गुडघ्याच्या वाटीमागची कळही चुकते. मात्र वाकण्यातून जो धक्का शोषला जायचा, तो आता थेट हाडापर्यंत पोहोचतो. शिवाय मांडीच्या पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी आवळले जातात. सांधा डळमळू नये म्हणून शरीर हे करते, पण त्या आवळण्याने सांध्यावरचा दाब वाढतो.

तिसरा बदल समोरून पाहणाऱ्याला दिसतो. काही जण पाऊल बाहेरच्या दिशेने वळवून टाकू लागतात. काही जण पाय टेकताना धड त्याच बाजूला झुकवतात, त्यामुळे दोन्ही गुडघे दुखत असलेला माणूस दोन्ही बाजूंना डुलत चालतो. या दोन्ही युक्त्यांनी जमिनीच्या रेट्याची दिशा गुडघ्याच्या मध्याजवळ येते आणि आतल्या भागावरचा दाब हलका होतो. कोणी न शिकवता शरीराने शोधलेला हा उपाय यंत्रशास्त्राच्या हिशेबात चोख बसतो. पण धड झुकवण्याचे ओझे कमरेवर आणि खुब्यावर जाते आणि तेवढेच अंतर चालायला दम जास्त लागतो.

चौथे लक्षण धोक्याचे. पाय टेकताक्षणी गुडघा झटक्याने बाहेर जातो आणि पाय उचलला की पुन्हा जागेवर येतो. माणसाला समोरून आपल्याकडे चालत यायला सांगितले तर हा झटका नुसत्या डोळ्यांना दिसतो. तो असणाऱ्यांत आतल्या भागाची झीज वाढण्याची शक्यता सुमारे चौपट असल्याचे २००४ च्या एका अभ्यासात आढळले. एवढे महत्त्वाचे चिन्ह ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही, पण रुग्णाला चालायला लावावे लागते.

या सगळ्या तडजोडींचा जमाखर्च मांडला तर एक गोष्ट ध्यानात येते. आखूड पावलाने प्रत्येक पावलाचा भार कमी होतो, पण तेवढ्याच अंतरासाठी पावले जास्त टाकावी लागतात. मंद चालीने दणका कमी होतो, पण प्रत्येक पावलाला सांधा जास्त वेळ दाबाखाली राहतो. चाल बदलून माणूस आजचे दुखणे कमी करतो, आणि त्याचा काही भाग उद्याच्या सांध्यावर टाकतो.

जिना ही गुडघ्याची खरी परीक्षा. सकाळच्या गर्दीत उपनगरी स्थानकावरच्या पादचारी पुलावर थोडा वेळ उभे राहिले की ती पाहायला मिळते. लोकलमधून उतरलेला लोंढा ओसरेपर्यंत साठीची एक बाई बाजूला थांबते. मग कठड्याच्या कडेला येते, पिशवी डाव्या खांद्यावर सरकवते, उजव्या हाताने कठडा धरते आणि अंग अर्धवट कठड्याकडे वळवते. दुखरा पाय आधी खालच्या पायरीवर ठेवते, मग चांगला पाय आणून त्याच पायरीवर टेकवते. एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची पायरी. मागचे लोक वळसा घालून पुढे जातात.

तिच्या प्रत्येक हालचालीला कारण आहे. उतरताना खरे काम खाली गेलेला पाय करत नाही, वर राहिलेला पाय करतो. तो गुडघ्यात वाकत वाकत सगळे शरीर सावकाश खाली सोडतो. म्हणून चांगला पाय वर ठेवून दुखरा पाय आधी खाली सोडणे बरोबर. चढताना उलटे होते. वरच्या पायरीवर गेलेला पाय शरीर उचलतो, म्हणून चांगला पाय आधी. अंग तिरके केले की गुडघा कमी वाकवावा लागतो, आणि कठडा धरलेला हात थोडे वजन उचलतो. फिजिओथेरपिस्ट हेच नियम शिकवतात. या बाईला ते तिच्या गुडघ्याने शिकवलेले आहेत.

जमिनीवर बसण्या-उठण्याला गुडघा जिन्याहून कितीतरी जास्त वाकवावा लागतो. जिन्याला ९० अंशांच्या आसपास भागते, उकिडवे बसायला त्याच्या खूप पुढे जावे लागते. महाराष्ट्राच्या खेड्यांत खुरपणी करणाऱ्या बायका तासन्‌तास उकिडव्या बसून, उठून उभ्या न राहताच पुढे पुढे सरकत असतात. घरी आल्यावर चूल, विळी आणि धुणे हेही जमिनीवरच. चीनमधल्या बीजिंग इथल्या एका मोठ्या अभ्यासात आढळले की, विशी-पंचविशीत रोज काही तास उकिडवे बसण्याची सवय असलेल्यांना उतारवयात गुडघ्याची झीज जास्त होती. बीजिंगच्या वृद्ध स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या गोऱ्या स्त्रियांपेक्षाही जास्त निघाले, जरी बीजिंगच्या स्त्रिया अंगाने सडपातळ होत्या. खुरपे चालवणाऱ्या हातांच्या मजुरीचा दर ठरतो, गुडघ्यांच्या झिजेचा हिशेब कोणी ठेवत नाही. या पुस्तकाने तो ठेवण्याचा प्रयत्न केला आहे.

दुखणे रेंगाळले की स्नायूंची कथा सुरू होते. सांध्यात सूज असली की क्वाड्रिसेप्सला जाणारे संदेशच मज्जासंस्था दाबून ठेवते. मनात आणले तरी तो स्नायू पूर्ण ताकदीने आवळता येत नाही. वापर घटतो, स्नायू रोडावतो, मग भार झेलणे आणखी अवघड होते आणि चालणे आणखी कमी होते. काहींचा गुडघा पूर्ण सरळ होणे थांबते. दोन-चार अंशांचीच कसर असली तरी उभे राहताना मांडीचा स्नायू सतत कामाला जुंपलेला राहतो, म्हणून असा माणूस रांगेत उभा राहिला की लवकर थकतो. याचे परिणाम गुडघ्यापुरते राहत नाहीत. ६५ वर्षांवरच्या ३४,४८५ माणसांच्या नोंदी एकत्र करून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी विश्लेषणात चालण्याचा वेग आणि पुढचे आयुर्मान यांचा सरळ संबंध आढळला. जे झपाट्याने चालत होते, ते सरासरीने जास्त जगले. मंदावलेली चाल हृदय, फुप्फुसे, मज्जासंस्था आणि सांधे यांच्या एकत्रित प्रकृतीची खबर देते. ज्याचे चालणे गुडघ्याने थांबवले, त्याचा साखर, रक्तदाब आणि वजन यांच्यावरचा ताबाही सुटू लागतो.

चाल मोजण्याची माणसाची धडपड जुनी आहे. १८३६ मध्ये जर्मनीत विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या भावांनी, एक पदार्थवैज्ञानिक आणि दुसरा शरीरशास्त्रज्ञ, माणसाच्या चालण्यावर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी बुटांच्या तळाशी हवेचे कप्पे बसवून पाऊल कधी टेकले आणि कधी उचलले याची नोंद मिळवली. १८९१ मध्ये लाइपझिगला ब्राउने आणि फिशर यांनी एका माणसाच्या अंगावर उजळणाऱ्या काचनळ्या बांधल्या, रात्रीच्या अंधारात त्याला चालायला लावले आणि छायाचित्रांवरून प्रत्येक अवयवाची जागा मोजली. त्या मोजक्या पावलांची आकडेमोड पुढे दीर्घकाळ चालली. विसाव्या शतकात कॅलिफोर्नियाच्या रांचो लॉस अमिगोस रुग्णालयात जॅकलिन पेरी यांनी चालीचे टप्पे पाडले आणि ते जगभरच्या दवाखान्यांत रुजले. पेरी आधी फिजिओथेरपिस्ट होत्या, मग अस्थिशल्यविशारद झाल्या. पोलिओच्या रुग्णांचे लंगडणे वाचता वाचता त्यांनी हे शास्त्र घडवले.

आजच्या प्रयोगशाळेत रुग्णाच्या खुब्यावर, गुडघ्यावर आणि घोट्यावर चमकणारे छोटे गोळे चिकटवतात, भोवतीचे कॅमेरे त्यांचा माग काढतात आणि जमिनीत बसवलेली पट्टी पावलाचा रेटा मोजते. पण साध्या मोजमापालाही किंमत आहे. १९९१ पासून वापरात असलेली एक चाचणी अशी : खुर्चीतून उठायचे, तीन मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. लागलेली सेकंदे मोजायची. त्यासाठी एक खुर्ची आणि एक घड्याळ पुरते.

मग करायचे काय, हा वाचकाचा खरा प्रश्न. पुस्तकाचा उत्तरार्ध त्यालाच दिलेला आहे, म्हणून इथे त्याचा सारांश.

वजनाचा हिशेब सर्वांत ठोस. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे स्टीफन मेसियर यांनी २००५ मध्ये दाखवले की, एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. फ्रेमिंगहॅमच्या स्त्रियांमध्ये पाच किलोंच्या आसपास वजन उतरवणाऱ्यांना गुडघ्याचा त्रासदायक आजार होण्याची शक्यता निम्म्याहून कमी झाली होती. आहार आणि व्यायाम दोन्ही एकत्र केले तर वेदना आणि चाल दोन्ही जास्त सुधारतात, हे मेसियर यांच्याच ४५४ जणांवरच्या दीड वर्षाच्या चाचणीने २०१३ मध्ये सिद्ध केले.

व्यायाम म्हणजे दुखऱ्या गुडघ्याला आणखी झिजवणे, ही भीती घरोघरी आहे आणि ती निराधार आहे. योग्य मार्गदर्शनाखाली मांडी आणि खुब्याचे स्नायू बळकट करणे हा या आजारावरच्या उपचारांचा पाया मानला जातो. डेन्मार्कने २०१३ पासून त्यावर देशव्यापी कार्यक्रमच उभारला. त्यात रुग्णाला बसणे, उठणे, पायरी चढणे या रोजच्या हालचाली गुडघा सरळ रेषेत ठेवून करायला शिकवतात.

काठीबद्दल संकोच फार, आणि ती बहुतेकांच्या चुकीच्या हातात असते. ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबरच पुढे टाकायची. तशी धरली की गुडघ्याच्या आतल्या बाजूचा ताण सुमारे १० टक्क्यांनी उतरतो. ब्राझीलमध्ये ६४ रुग्णांवर झालेल्या, २०१२ च्या चाचणीत दोन महिने रोज काठी वापरणाऱ्यांचे दुखणे न वापरणाऱ्यांपेक्षा कमी झाले. सुरुवातीला काठीने चालायला जास्त दम लागत होता, सवय झाल्यावर तो फरक ओसरला. पहिल्या आठवड्यात काठी कोपऱ्यात ठेवून देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

पादत्राणांचा अभ्यासही उद्बोधक आहे. उंच टाचांनी गुडघ्यावरचा पीळ वाढतो हे १९९८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी मोजले. अनवाणी चालताना हा ताण बुटांपेक्षा कमी असतो, असे २००६ मध्ये शिकागोत आढळले, म्हणून सपाट आणि लवचीक तळव्याच्या चपलेकडे आता अधिक आदराने पाहिले जाते. उलट, बुटात बाहेरच्या कडेला उंच असलेली पाचर घालण्याची युक्ती कागदावर पटली, तरी २०१३ च्या एकत्रित विश्लेषणात सपाट तळव्यापेक्षा तिने वेदना कमी होत नसल्याचे दिसले. फसलेले उपाय या पुस्तकाने लपवलेले नाहीत. ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर झालेली २००२ ची चाचणीही त्यात आहे. गुडघ्यात दुर्बीण घालून सांधा धुण्या-खरवडण्याची शस्त्रक्रिया आणि नुसता छेद घेऊन केलेले शस्त्रक्रियेचे नाटक, या दोन्हींचा परिणाम तिच्यात सारखाच निघाला.

सर्वांत नवी वाट चालच नव्याने शिकवण्याची आहे. २०२५ मध्ये अमेरिकेत ६८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाऊल आत वळवायचे की बाहेर, आणि पाच अंशांत की दहा, हे प्रत्येकाची चाल मोजून वेगवेगळे ठरवले गेले. वर्षभरानंतर अशी चाल शिकलेल्यांची वेदना आणि गुडघ्यावरचा भार तुलनेच्या गटापेक्षा जास्त घटलेला होता, आणि कूर्चेची हानीही मंदावलेली दिसली. शरीर स्वतःहून जी युक्ती शोधते, तीच मोजून-मापून वापरली तर ती औषधासारखी लागू पडू शकते, ही आशा त्यातून बळावते.

शेवटी शस्त्रक्रिया. भारत सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची किंमत, कर सोडून, ५४,७२० रुपयांवर आणली. आधी ती दीड लाखाच्या पुढे होती. त्यामुळे अनेकांसाठी हा मार्ग खुला झाला. मात्र नवा सांधा जुनी चाल आपोआप विसरत नाही. अमेरिकेच्या डेलावेअर विद्यापीठातल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात क्वाड्रिसेप्सची ताकद सुमारे ६० टक्क्यांनी घटलेली आढळली. ती भरून काढायला महिने लागतात, आणि तो व्यायाम सोडला तर दुखणे गेलेला माणूसही पाय ताठ ठेवूनच चालत राहतो.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. आमवातासारख्या सुजेच्या सांधेदुखीचा विचार यात नाही. गुडघा लाल आणि गरम होऊन ताप आला, पोटरी अचानक सुजली, सांधा अडकून हलेनासा झाला किंवा पडल्यावर पायावर भार देता येत नसेल, तर पुस्तक मिटून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. बाकीच्यांनी प्रकरणे क्रमाने वाचावीत. प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस घरी करून पाहण्याजोगी एक तपासणी दिली आहे, आणि ती करताना घरातले दुसरे कोणीतरी समोर उभे असावे, कारण स्वतःची चाल स्वतःला दिसत नाही.

डॉक्टरांकडे या पुस्तकाचे एक मागणे आहे. ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात दहा मीटरवर दोन रेघा मारायला आणि घड्याळ लावायला वेगळा निधी लागत नाही. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या बाईला स्टुलावर बसवण्याआधी त्या दोन रेघांमध्ये चालायला सांगावे, समोरून आणि बाजूने पाहावे, आणि लागलेली सेकंदे केसपेपरवर एक्स-रेच्या शेऱ्याशेजारी लिहावीत. सहा महिन्यांनी ती परत येईल तेव्हा तिला पुन्हा तिथेच चालवावे आणि दोन्ही आकडे तिला दाखवावेत.